दुसरा अर्थ

५ फेब्रुवारी, सोमवार

वर्तमानपत्राने इथले कार्यालय बंद केले तेव्हा संपादक म्हणाले होते, "तुमच्या भागात बातमीच घडत नाही हो." म्हणजे इतकी वर्षे इथली वार्ताहर म्हणून मी न घडणाऱ्या बातम्या निष्ठेने पाठवत होते. त्या रागातून 'शेजारधर्म' हा ब्लॉग निघाला. त्याच नावाचा फोनवरचा गट वन्सं सांभाळतात. नवऱ्याची बहीण म्हणून नव्हे, त्यांना ते खरेच जमते. कोणाचे कोणाशी बिनसले आहे हे त्यांना त्या दोघांच्याही आधी कळते.

ब्लॉगच्या माथ्यावर मी एक नियम लिहिला आहे. इथे 'असे समजते' चालणार नाही. कोणाला समजते आणि कोणाकडून, ते सांगावे. ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणावे. उभी नोकरी 'असे समजते'वर पोसली गेल्यावर सुचलेले हे प्रायश्चित्त आहे. लोकांना ते मानवले. नळाला गढूळ पाणी का येते, पुलाखालचा दिवा कधी लागणार, जिन्यात दम लागणाऱ्यांसाठी मधल्या मजल्यावर खुर्ची कोणी ठेवली, असले सगळे आम्ही लिहू लागलो आणि वर्षानुवर्षे एका भिंतीला पाठ लावून राहणारी माणसे एकमेकांना जिन्यात थांबवून बोलू लागली.

पण दिवा लागला, पाणी स्वच्छ झाले आणि वाचक ओसरले. गेल्या काही लेखांखाली वन्संचा अंगठा तेवढा दिसतो. मला भीती वाटते, आणि ही भीती ब्लॉगवर लिहिता येत नाही म्हणून इथे लिहिते. कोणी वाचत नसेल तर मी या वयात नक्की कोण आहे?

आज ग्रंथपालांवर लिहिले. वाचनालयाचे आमचे ग्रंथपाल म्हणजे शांततेचे व्रतस्थ उपासक. वाचन दालनात 'शांतता राखा' ही पाटी असणे रास्त. मग ती जिन्यात आली. मग सायकली लावण्याच्या जागेत. गेल्या आठवड्यात त्यांनी फुटपाथवरच्या फळवाल्याला सांगितले, की केळी विका, पण ओरडू नका. फळवाला मला विचारत होता, "बाई, मुक्यानं केळी कशी विकायची? खुणा करून?" नियम त्याच्या हद्दीबाहेर असा ओढत नेणे याला न्यायशास्त्रात, म्हणजे वडिलांनी मला लहानपणी शिकवलेल्या जुन्या तर्कशास्त्रात, अतिप्रसंग म्हणतात. मी लेखाला नाव दिले, 'ग्रंथपालांचा अतिप्रसंग'.

आमचे हे कवळ्या बनवतात. पुढच्या खोलीत त्यांचा कारखाना, त्यामुळे घरात कायम कोणाचे तरी दात वाळत असतात. मी शीर्षक वाचून दाखवले तशी त्यांची मेण कोरायची सुरी थांबली.

"हे कधी झालं?"

"काही झालं नाही. शास्त्रातला शब्द आहे. पुढे वाचा."

"मी वाचेन गं. मला घरातच राहायचंय. बाकीच्यांचं काय?"

"बाकीच्यांनाही अक्षरं कळतात."

"मग शास्त्रवाल्यांनाच पाठव," असे म्हणून ते पुन्हा कोणाच्या तरी दाढेकडे वळले. विनोदाची जाण दातांइतकी सहज बसवता येत नाही.


६ फेब्रुवारी, मंगळवार

वन्संचा सकाळीच फोन. "वहिनी, लेख नुसता पळतोय. औषधवाल्यानं पुढे पाठवला, त्याच्या मेव्हण्यानं पाठवला. गटात नवे लोक यायला लागलेत."

ऱ्हस्वदीर्घनेही लिहिले. हा आमचा टोपणनावाचा वाचक. प्रत्येक लेखातल्या चुका काढतो, त्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसावे. आज म्हणतो, "लेख उत्तम. फळवाल्याचा प्रसंग अगदी तसाच घडला. जिन्यातल्या पाटीवर आधी 'कृपया' आहे, ते आपल्याकडून गळले. मात्र शीर्षकाचा फेरविचार व्हावा ही नम्र विनंती. शब्दाला दोन अर्थ आहेत आणि लोक दुसरा आधी वाचतात."

मी उत्तर दिले, "शीर्षकात ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली नाही याचे दुःख समजू शकते." त्याखाली पुष्कळ हसरे चेहरे आले. तो पुन्हा काही बोलला नाही.


७ फेब्रुवारी, बुधवार

कीर्ती म्हणजे काय ते आज कळले. खोकल्याचे औषध आणायला गेले तर औषधवाला गल्ल्यामागून उठून बाहेर आला. हा एरवी सुट्ट्या पैशांसाठीसुद्धा उठत नाही.

"ताई, धाडस केलंत."

"अहो, कसलं धाडस. चार ओळी खरडल्या."

"चार ओळीच पुरतात. आमच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं."

विनोदी लेखाने पाणी येणे हे जरा अधिकच झाले, पण हसून हसून येतेच. मी आभार मानले. तो आवाज खाली आणून म्हणाला, "काही लागलं तर हाक मारा. आम्ही सगळे आहोत."

बेकरीपाशी दोन ओळखीच्या बायका बोलता बोलता थांबल्या. त्यांतल्या एकीने माझा हात दाबला आणि सोडलाच नाही. पावाची पिशवी दुसऱ्या हातात घेऊन मी तशीच उभी राहिले. प्रसिद्ध माणसांचे हात असेच दाबत असतील. घरी येताना मात्र पाठीमागे कोणी बोलत आहे असे सारखे वाटत होते. वळून पाहिले की बोलणे थांबे.


८ फेब्रुवारी, गुरुवार

क्रमाने लिहिते.

सकाळी वन्सं घरी आल्या. चप्पल न काढता आत आल्या आणि माझ्या गळ्यात पडून रडायला लागल्या.

"वहिनी, मला तरी आधी सांगायचं. मी परकी आहे का?"

"काय सांगायचं?"

"त्यानं काय केलं ते."

"कोणी?"

त्यांनी फोन पुढे केला. पडद्याचे चित्र काढून कोणीतरी पसरवले होते. त्यात लेख नाही, फक्त शीर्षक आणि शेजारी माझा फोटो, तोही चष्मा काढलेला, गंभीर, पारपत्रासाठी काढलेला. 'ग्रंथपालांचा अतिप्रसंग.' खाली कोणी लिहिले होते, 'अखेर एक बाई बोलली.' त्याखाली बोलणाऱ्यांची रीघ. तो माणूस आधीपासूनच विचित्र वाटायचा. एकटा राहतो. कोणाशी बोलत नाही. पायांचा आवाज न करता मागे येऊन उभा राहतो.

आवाज न करता. हे मीच लिहिले होते. चौथ्या परिच्छेदात, कौतुकाने.

मी वन्संना सगळे समजावून सांगितले. न्यायशास्त्र, नियमाची हद्द, फळवाला. त्या ऐकत होत्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत होत्या.

"म्हणजे काही झालं नाही?"

"काही नाही."

"खरंच ना? का तुम्हाला कोणी गप्प बसायला सांगितलंय?"

ही बाई माझ्या लग्नात माझ्या शेजारी बसली होती. हिला खरे वाटत नाही.

"वन्सं, गटातून लेख काढून टाका. आत्ता."

"काढला तर म्हणतील दबाव आला."

मी ऐकले नाही, ब्लॉगवरचे शीर्षक बदलले. 'वाचनालयातील शांततेविषयी थोडे गमतीचे.' चहा उकळायच्या आत गटात दोन्ही शीर्षके शेजारी शेजारी लावलेली आली. 'बघा, चोवीस तास उलटले नाहीत तर दबाव आला.' हिशेबही चुकीचा, तीन दिवस उलटले आहेत. पण आता हिशेब कोणाला दुरुस्त करून सांगणार?

हे कवळीवर फुंकर घालत म्हणाले, "ध चा मा करायला निदान कोणाला तरी मध्ये हात घालावा लागतो. तू आधीच मा लिहून दिलास."

मी चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने उघडे ठेवले होते. आज पहिल्यांदा मला त्यांच्याकडे पाहवेना.


९ फेब्रुवारी, शुक्रवार

खुलासा लिहिला. 'एका शब्दाविषयी गैरसमज झाला आहे' अशी सुरुवात केली. मग अतिप्रसंग या शब्दाची व्युत्पत्ती, शास्त्रातला वापर, रूढ वापर, दोहोंतला फरक. शेवटी 'सुज्ञ वाचकांनी नोंद घ्यावी.'

आता इथे लिहिते, कारण इथे कोणी नाही. 'गैरसमज झाला आहे' या वाक्यात कर्ता गैरसमज आहे. मी कुठेच नाही. गैरसमज आपणहून झाला, जसा पाऊस झाला. व्याकरण हे फार सोयीचे शास्त्र आहे, त्यात माणसाला लपायला जागा पुष्कळ.

सुज्ञ वाचकांनी नोंद घेतली. 'बिचारी घाबरली.' 'किती अवघड शब्दांत लिहायला लावलंय बघा तिला.' 'ताई, डोळ्यांनी खूण करा, आम्ही समजू.' एकाने विचारले, की खुलासा लिहिताना शेजारी कोण बसले होते? हे बसले होते, कोणाची तरी पुढची चार दातांची पट्टी घासत.

मग एका मुलीचा खासगी निरोप आला. ती परीक्षेच्या अभ्यासाला वाचनालयात बसते. "ताई, मलाही त्यांनी एकदा हाताला धरून बाहेर काढलं होतं." समजा, माझा विनोद आंधळ्याने मारलेल्या दगडासारखा खऱ्या ठिकाणी लागला असेल तर? मी तिला लिहिले, की घाई नाही, जसे घडले तसे सगळे सांग, मी ऐकते आहे. मग तिचे उत्तर आले, "नाही, म्हणजे हाताला नाही. मी फोनवर बोलत होते, त्यांनी माझी पिशवी उचलून जिन्यात नेऊन ठेवली. मग मी गेले."

"मग हाताला असं का लिहिलंस?"

"सगळे लिहीत होते."

तिला रागावण्याचा अधिकार मला कुठला? सगळ्यांत आधी मीच लिहिले होते.

संध्याकाळी वाचनालयावरून गेले. दालनातले दिवे बंद. फळवाला फुटपाथवरून दालनाच्या खिडकीकडे तोंड करून ओरडत होता, केळी केळी केळी. मला पाहून हसला. "बाई, आता कोणी गप्प करायला येत नाही." त्याने चांगल्या मनानेच दोन केळी पुढे केली. मी घेतली नाहीत. ग्रंथपाल दालनामागच्या खोलीतच राहतात. त्यांना ते ओरडणे ऐकू जात असणार.

ऱ्हस्वदीर्घही दोन-तीन दिवस गप्प आहे. माझ्या खुलाशात दोन चुका राहिल्या होत्या, त्याने त्या सोडल्या. कंटाळला असेल.


१० फेब्रुवारी, शनिवार

आमच्याच गटात निरोप आला आहे. 'उद्या सकाळी दहा वाजता वाचनालयासमोर जमायचे. जाब विचारायचा. ताईंच्या पाठीशी उभे राहायचे.' हा निरोप औषधवाल्याचा. खाली 'मी येणार', 'आम्ही दोघे येणार', 'कामगारही आणतो'. सायकली लावण्यावरून भांडणारे, गढूळ पाण्यावरून एकत्र आलेले, माझे सगळे वाचक. एवढा एकोपा मी वर्षभर रक्त आटवूनही घडवू शकले नव्हते.

पोलिसांना फोन केला.

"उद्या वाचनालयापाशी गर्दी होणार आहे."

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध घ्या."

"आपण कोण?"

"लेखिका."

"मग लेखी द्या," पलीकडचा म्हणाला. विनोद करत नव्हता. शेवटी एक शिपाई पाठवतो म्हणाला, जमल्यास.

दुपारी वाचनालयात गेले. मागच्या खोलीचे दार वाजवले. मी माझे नाव सांगितले. बऱ्याच वेळाने दारापलीकडून ते कुजबुजले. आताही कुजबुजतच होते.

"दार उघडत नाही, राग मानू नका. तुम्ही आत आलात तर ते बरं दिसणार नाही."

माझ्यासाठी की त्यांच्यासाठी, ते बोलले नाहीत. मी दाराशी तोंड नेऊन म्हणाले, की उद्या सकाळी इथे राहू नका, कुठे नातेवाइकांकडे जा.

"गेलो तर म्हणतील पळाला."

"वाचनालय कमिटीचे अध्यक्ष काय म्हणतात?"

"रजा घ्या म्हणतात. पगारी. चांगले गृहस्थ आहेत." मग दाराच्या आणखी जवळून, "मी तुमचा लेख वाचला. चांगला जमलाय, जिन्यातलं 'कृपया' तेवढं गळलं. मी तसाच आहे."

ऱ्हस्वदीर्घने काढलेली चूक, त्यांच्या तोंडून. मी दाराच्या चौकटीला टेकले.

"एक विचारू का?" ते म्हणाले. "शब्दाचा दुसरा अर्थ लिहिताना तुमच्या डोक्यात होता का?"

"नाही," मी म्हणाले. "मुळीच नाही. शास्त्रात वाढलेली बाई मी, मला पहिलाच अर्थ सुचतो."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. आणि खरेच त्यांचा आवाज हलका झाला, दाराच्या फळीतूनही कळले. "मग अपघात आहे. अपघात कोणाकडूनही होतो."

मी पायऱ्या उतरून रस्त्यावर आले. उभ्या नोकरीत मी अतिप्रसंगाच्या बातम्या दिल्या आहेत. न्यायालयातून, पोलीस ठाण्यातून, दुसऱ्याच अर्थाने. सोमवारी ते शीर्षक लिहिताना तो अर्थ माझ्या डोक्यात होताच, माझ्या बोटांतही होता. त्या अर्थामुळे माणूस थांबेल, दचकेल, मग पुढे वाचेल आणि हसेल, हाच तर सगळा बेत. दचकायला सगळे थांबले. पुढे वाचायला कोणी आले नाही.

आणि हे त्यांना दाराबाहेर उभे राहून सांगण्याची हिंमत मला झाली नाही. 'नाही' म्हटल्यावर त्यांचा आवाज हलका झाला, तो हलकेपणा मी गुपचूप पदरात घेऊन घरी आले.


११ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

यांना सगळे सांगितले. मला वाटले होते ओरडतील. ते हात धूत होते, नखांतले प्लास्टर काढत.

"मग लिही की."

"लिहिलं तर सगळे तुटून पडतील माझ्यावर. ब्लॉग गेलाच. परत तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही लिहिलंस तर?"

"तर त्यांच्यावर तुटून पडतील."

"म्हणजे पडणार हे नक्की. फक्त पत्ता द्यायचाय."

लोक लेख वाचत नाहीत, शीर्षक वाचतात. म्हणून सगळा लेख शीर्षकातच लिहिला: 'ग्रंथपालांनी काहीही केलेले नाही. लोकांनी वाचावे म्हणून मी मुद्दाम घाणेरड्या अर्थाचा शब्द वापरला.' खाली एक अक्षरही नाही. व्युत्पत्ती नाही, सुज्ञ वाचक नाहीत. कर्ता मी.

बोट बटणावर ठेवून किती वेळ बसले कोण जाणे. साधी गोष्ट नव्हती. यांनी स्वयंपाकघरातून विचारले, "झालं का?" मी हो म्हटले आणि मग दाबले.


११ फेब्रुवारी, दुपार

आठवते तसे लिहिते.

दहाच्या आधीच गर्दी होती. चेहरा न् चेहरा ओळखीचा, हे सर्वांत भयंकर. परक्यांची गर्दी असती तर मी पळून गेले असते. शिपाई आला होता, समोरच्या दुकानाच्या सावलीत उभा होता. औषधवाला पुढे, त्याच्या हातात माझा फोटो मोठा करून छापलेला. पारपत्राचाच. मला पाहून लोकांनी वाट करून दिली. एक बाई म्हणाली, "या, घाबरू नका."

पायऱ्यांवर चढले. हे खाली थांबले, पण पायरीला हात लावून. मी म्हणाले, की सकाळी मी जे लिहिले ते तुम्ही वाचले असेल.

"वाचलं," औषधवाला म्हणाला. "कोणी लिहून घेतलं?"

"कोणी नाही."

"ताई, आता घाबरायचं कारण नाही. आम्ही आहोत."

"तुम्ही आहात म्हणूनच घाबरले आहे," मी म्हणाले. काहीजण हसले, विनोद समजून. मी पुन्हा सांगितले, विनोद न करता, जमतील तेवढ्या लहान वाक्यांत. मला कोणी हात लावलेला नाही. त्यांनी कोणाला हात लावल्याचे मी पाहिलेले नाही, ऐकलेले नाही. माझे वाचक कमी झाले होते. त्या शब्दाने लोक थांबतील हे मला माहीत होते. म्हणून घातला.

वाचनालयाबाहेर एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"म्हणजे आम्ही मूर्ख?" औषधवाला म्हणाला.

"नाही. मी—"

"आमच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ते काय होतं? गंमत?"

मागून कोणी ओरडले, की साप साप म्हणून भुई धोपटायला लावली बाईने. आणखी कोणी वाईट शब्द वापरला, त्याला एकच अर्थ होता. फोटो कोणी फेकला, कोणाचा पाय पडला. यांनी माझा दंड धरला. तेवढ्यात बेकरीपाशी हात दाबणारी ती बाई पुढे आली. ती ओरडली नाही.

"उद्या माझी मुलगी खरंच असं काही सांगत आली," ती म्हणाली, "तर हे सगळे काय म्हणतील? म्हणतील, त्या बाईसारखं असेल. शब्दाचा खेळ असेल."

मी मान खाली घातली. शिव्यांची भीती वाटली होती, पण त्या सोसता आल्या. हे सोसवत नाही. ती म्हणाली ते खरे आहे, आणि ते मी लेख काढून, शीर्षक बदलून, पायऱ्यांवर उभी राहून परत घेऊ शकत नाही.

लोक हळूहळू पांगले. काहीजण जाताना वाचनालयाच्या खिडकीकडे पाहत होते, अजूनही. एक म्हातारा दुसऱ्याला म्हणत होता, "काहीतरी असल्याशिवाय एवढं होत नाही." मागच्या खोलीचे दार उघडले नाही. मी वाजवलेही नाही.


१३ फेब्रुवारी, मंगळवार

गट अर्धा रिकामा झाला. वन्सं बोलत नाहीत. यांच्याकडे निरोप दिला, की वहिनींना सांग, मी त्यांच्यासाठी रडले होते. औषधवाल्याने मला औषध दिले, पण पैसे फळीवर ठेवायला लावले, हातात घेतले नाहीत. जिन्यात माणसे थांबत नाहीत. मी वर येताना खाली कोणाचे दार लागते, मग वरचे लागते.

फोनवर येणारे निरोप हे वाचतात आणि पुसतात, मला दाखवत नाहीत. काय आले म्हणून विचारले तर म्हणतात, "दंतशास्त्राशी संबंधित." म्हणजे दात पाडायच्या धमक्या असणार.

नवीन काही लिहिलेले नाही. लिहायला बसले की प्रत्येक शब्दाचा दुसरा अर्थ आधी दिसतो.


१९ फेब्रुवारी, सोमवार

वाचनालय आजपासून उघडले. कमिटीने रजा वाढवायला सांगितली होती, ग्रंथपालांनी नाकारली, असे खुद्द अध्यक्षांनी यांना सांगितले. कवळी बसवून घ्यायला आले होते, तोंडात ठसा असल्यामुळे अधिक बोलू शकले नाहीत.

मी सकाळीच गेले. जावे की नाही या विचारात आमच्याच जिन्यातून दोनदा परतले. त्यांना पाहून मला ओळख पटायला वेळ लागला. बारीक झालेले, दाढीचे खुंट वाढलेले. त्यांचे टेबल नेहमी दालनाच्या टोकाला, पुस्तकांच्या कपाटांआड असे. ते ओढून त्यांनी दाराशी आणले होते, अगदी चौकटीला लागून. दोन्ही दारे सताड उघडी आणि ती वाऱ्याने लागू नयेत म्हणून पायाशी जाड शब्दकोश टेकवलेले. रस्त्यावरचा सगळा गोंगाट आत येत होता. गाड्या, भोंगे, कोणाचे भांडण. दालनात एकही वाचक नव्हता.

मी उभ्या उभ्याच बोलले, नाहीतर बोलणे झाले नसते.

"शनिवारी तुम्ही विचारलं होतं. मी नाही म्हणाले. ते खोटं होतं."

"माहीत आहे," ते म्हणाले. "रविवारी दालनाच्या दारामागे होतो. ऐकलं सगळं."

"मला तेव्हाच सांगायला हवं होतं."

त्यांनी टेबलावरची पेन्सिल सरळ केली. "शनिवारी तुम्ही नाही म्हणालात ना, त्या रात्री मला झोप लागली. आठवड्यात पहिल्यांदा. रविवारनंतर लागलेली नाही." तक्रारीचा सूर नव्हता. पुस्तक मुदतीत परत आले नाही हे सांगावे तसे सांगितले. "तुम्ही केलंत ते बरोबरच केलंत. ते बरोबर होतं आणि मला झोप लागत नाही. दोन्ही खरं आहे."

बाहेर एक मोठी गाडी भोंगा वाजवत गेली. त्यांचा चेहरा आखडला, दात दुखावा तसा. हा माणूस जिन्यातली पावले मोजून घेत असे.

"दार थोडं लोटू का?" मी विचारले.

"नको," ते म्हणाले. पटकन, आणि मोठ्याने. एवढ्या मोठ्याने बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. त्यांचे त्यांनाच ते विचित्र वाटले असावे, कारण मग त्यांनी हात टेबलावर ठेवले, दोन्ही, रस्त्यावरून दिसतील असे. "उघडंच राहू दे. दिसलेलं बरं."

मी एक पुस्तक उचलले, कोणते ते आता आठवत नाही. त्यांच्यापासून दूर पण दाराच्या रेषेत बसले, बाहेरून जाणाऱ्याला आम्ही दोघेही दिसू अशी. पान उलटत राहिले. भीती गेलेली नव्हती. रस्त्यावर कोणाचा पाय थबकला की पान उलटायचे राहून जाई.

दुपारकडे पायऱ्यांपाशी एक बाई थांबली. सोबत मुलगी, पाठीला पुस्तकांचे दप्तर. मी पटकन मान खाली घातली, आता मला दोघींचे फक्त पाय दिसत होते. मुलीचा पाय पहिल्या पायरीवर होता. आईचा खालीच. ग्रंथपालांनी टेबलावरचे हात हलवले नाहीत. मीही मान वर केली नाही. माझा चेहरा पाहून ती परत जाईल की आत येईल, हे मला माहीत नव्हते.